कुसळाचा तास

दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी साताऱ्याहून सांगलीला आले, वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट करायला. आमच्या पेठेत कुणालाच हे नीट कळलं नव्हतं. डॉक्टर व्हायचं तर मिरजेला जायचं, तिथे दवाखाने आहेत, सांगलीला जाऊन ही काय करणार? शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "पण औषध देता येईल ना तिला?" आई म्हणाली, "झाडांना देईल." मला वाईट वाटलं होतं, पण आईचं उत्तर अगदीच चूक नव्हतं.

माझा विषय होता कुसळी. साताऱ्याच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरला की हे गवत सोनेरी होतं आणि त्यातून चालून आलं की धोतर, लुगडं, मोजे, सगळीकडे कुसळं टोचून बसलेली असतात. कुसळ म्हणजे त्या गवताचं बी. पुढे सुईसारखं टोक, मागे बोटभर लांब, पीळ घातलेली शेपटी. ओलावा लागला की ही शेपटी पीळ सोडत फिरते, वाळली की पुन्हा वळते, आणि त्या फिरण्याने बी जमिनीत शिरतं. ते नेमकं कसं शिरतं, किती ओलाव्याला, किती वेळात, हे मला शोधायचं होतं. मला एक सूक्ष्मदर्शक, एक खिडकी आणि दोन वर्षं एकांत हवा होता.

माझे मार्गदर्शक सर सांगलीच्याच विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवत. गवतांच्या अभ्यासात त्यांचा शब्द लांबवर मानला जाई. उंच, किडकिडीत, बारा महिने काखेत छत्री. पहिल्याच भेटीत त्यांनी मला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीची किल्ली दिली. मी आनंदाने ती मुठीत धरली, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि आठवड्याला चार तास फर्स्ट इयरच्या वर्गाला शिकवायचं. वर्षभर. मी मागच्या बाकावर बसेन."

"सर, पण मी संशोधनासाठी आले आहे. विद्यापीठाच्या नियमांत शिकवण्याचं कुठे काही नाही."

"नाहीच. तो माझा नियम आहे. सोळा वर्षांच्या पोराला जे सांगता येत नाही, ते तुम्हाला स्वतःला कळलंय की नाही, हे मी कशावरून ठरवू?"

मी वाद घातला नाही. किल्ली परत मागतील अशी भीती वाटत होती.

मी मामाकडे राहत होते. पहिल्या तासाचा विषय होता मूळ. मी आठ दिवस खपून चाळीस पानं लिहून काढली, अर्थात इंग्रजीत, कारण तेव्हा कॉलेजात सगळं इंग्रजीतच शिकवायचे. ती पाठ केली. मामीसमोर, मधेमधे मराठीत अर्थ सांगत, म्हणून दाखवली. मामी तांदूळ निवडत होती. शेवटी तिने विचारलं, "छान बोलतेस गं. पण हे मुळ्याचं मूळ की गवताचं?" मी म्हटलं, "मामी, हे सर्वसाधारण मूळ आहे." "असं," म्हणून ती पुन्हा खडे वेचायला लागली.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा साठेक मुलं उठून उभी राहिली. मुली तीनच, पुढच्या बाकावर. सगळ्यात मागे सर, छत्रीसकट. मी वही उघडणार इतक्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. वय माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठं. कडक इस्त्रीचा खाकी सदरा, झुपकेदार मिशा, आरशासारखे बूट, हातात एक कागद. आत यायला परवानगी मिळेपर्यंत ताठ उभे. त्या आठवड्यात विद्यापीठाची तपासणी समिती येणार अशी कॉलेजात कुजबुज होती. हेच तपासनीस, असं मी ठरवून टाकलं. मी लगबगीने पुढे झाले, नमस्कार केला, इंग्रजीत आत या म्हटलं आणि फळ्याशेजारची माझी खुर्ची त्यांना दिली.

ते क्षणभर घोटाळले. मग चौथऱ्यावर चढून खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर.

मग मी सुरू झाले. तपासनीस शेजारी आणि गुरू समोर! चाळीस पानं बावीस मिनिटांत संपली. मध्ये श्वास घेतल्याचं आठवत नाही. उरलेल्या वेळाचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा लक्षात आलं की हजेरी घ्यायची राहिली आहे. जीव भांड्यात पडला. मी सावकाश एकेक आकडा पुकारू लागले. मुलं उत्तरं देत होती. त्रेचाळीसला पोचले आणि माझ्या डाव्या कोपराशी बुटांच्या टाचा खाडकन जुळल्या.

"हाजिर, साब!"

तपासनीस उभे होते. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक डोकावून गेले. मी पाहिलं, तर मागच्या बाकावर सरांनी तोंडासमोर छत्री धरली होती.

तास सुटल्यावर ते खाकी सदऱ्यातले गृहस्थ व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, "बाई, माफी असावी. तुमी बसा म्हणाला म्हणून बसलो. पलटणीत हुकूम झाला की का म्हणून इचारायचं न्हाई."

"पण तुम्ही विद्यार्थी आहात हे सांगायचं तरी!"

"कवा सांगणार? तुमी थांबलाच न्हाई."

ते कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. मॅट्रिक होऊन फौजेत गेले, टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या पलटणीत हवालदार झाले, लढाई संपल्यावर घरी आले आणि शिकायचं राहिलं होतं ते पुरं करायला कॉलेजात. वर्गातली मुलं त्यांना हवालदार म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

सर दर शनिवारी मला माझ्या शिकवण्यावरचं एक पान लिहून देत, निळ्या पेन्सिलीने. पहिल्या शनिवारी त्यावर एकच ओळ होती: 'भिंतीला सगळं समजलं असावं, कारण तुम्ही तिच्याकडेच पाहत होता.' मी खोलीत जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि थोडी रडले. भिंगावर पाणी पडलं की काही दिसत नाही, म्हणून थांबले.

पुढचे काही आठवडे मी मुलांना मजकूर सांगत राहिले आणि ती लिहून घेत राहिली. वर्ग शांत. मला वाटलं, जमलं. मग एक छोटी परीक्षा घेतली. पेपर तपासायला बसले तर एकतीस मुलांनी मुळाच्या टोपीची व्याख्या लिहिली होती आणि व्याख्येच्या मधोमध, जशीच्या तशी, इंग्रजीत: 'सॉरी, नो, नॉट दॅट.' सांगताना माझी जीभ घसरली होती, ती मी सुधारली होती, आणि त्यांनी माझी सुधारणाही पाठ केली होती.

मी तो गठ्ठा सरांपुढे ठेवला. त्यांनी पाच-सहा पेपर वाचले. "एकमत आहे, हे तरी बरं," ते म्हणाले.

हवालदारांच्या पेपरात मात्र व्याख्याच नव्हती. त्यांनी हरभऱ्याचं एक रोप काढलं होतं, मुळाच्या गाठींसकट, आणि खाली मराठीत लिहिलं होतं, 'एवढं मला माहीत आहे. बाकी ऐकलं, पण दिसलं नाही.' मी त्यांना बोलावून विचारलं, म्हणजे काय.

ते जरा संकोचले. "बाई, राग मानू नका. फौजेत मी दोन वर्सं रंगरूटांना शिकवलं. कुणी मद्रासी, कुणी पठाण, कुणी गढवाली. माझी हिंदुस्तानी कच्ची, त्येंची त्याहून कच्ची. बोलून काय कळणार? मग पैल्या दिवशी मी बोलायचोच न्हाई. तार हातात द्यायची. वाकवा, सोला, जोडा. नाव दुसऱ्या दिवशी."

"ते तारांचं झालं. हे शास्त्र आहे," मी म्हणाले. आजही तो माझा सूर आठवला की कानशिलं गरम होतात. ते "व्हय बाई" म्हणून निघून गेले.

घरी आले ती फणफणत. मामी भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, उठली, आणि एका पिशवीत मुळे, गाजरं, कांद्याची पात नि परसातली मातीसकट उपटलेली हरळी भरून माझ्यापुढे ठेवली. "ने उद्या. मला तर अजून कळायचंय तुझं ते मूळ कोणाचं."

मी ती पिशवी नेली, पण ती सरांना दिसणार नाही अशी पदराखाली धरून. वर्गात सगळं बाकांवरून फिरवलं. काही बोलले नाही, मला बोलायला काही सुचतच नव्हतं. मुलं आधी हसली. मग एकाने हरळीच्या मुळांची माती झटकली आणि म्हणाला, "ह्याला मधलं मोठं मूळच सापडत नाही." दुसरा म्हणाला, "मुळ्याला आहे की एकच सोट." पाच मिनिटांत वर्गाने मुळांचे दोन प्रकार स्वतः वेगळे केले. मी फक्त फळ्यावर त्यांची नावं लिहिली. तासाच्या शेवटी नमुने परत गोळा केले तर तीन मुळे आणि एक गाजर कमी. मागच्या बाजूने कुरूम कुरूम ऐकू येत होतं.

त्या शनिवारच्या पानावर सरांनी लिहिलं होतं: 'विषय मुलांनी आत्मसात केला.'

मी सोमवारी हवालदारांची माफी मागितली. ते गडबडून गेले. "आवं बाई, असं काय! फकस्त फुडच्या बारीला मुळ्यासंगं मीठ बी आणा."

दिवाळीला मी साताऱ्याला गेले. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर कुसळी पिकून उभी होती. दोन दिवस मी आणि धाकटी बहीण डबे भरत होतो. आईने माझ्या पातळाच्या काठातून कुसळं उपसत म्हटलं, "डब्यातली कमी आणि काठातली जास्त, असं दिसतंय." सांगलीला परतताना गाडीत एका बाईंच्या शालीत माझ्या डब्यातली दहा-बारा शिरली. मिरजेला गाडी बदलेपर्यंत मी त्यांची माफी मागत ती काढत होते, आणि उतरेपर्यंत कुसळ कसं शिरतं हे त्यांना पूर्ण समजलं होतं. तोवर मला सांगायची चटक लागली होती, हे त्या बाईंमुळे मला कळलं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी माझा प्रबंधाचा विषय वर्गात नेला. अभ्यासक्रमात तो नव्हता. प्रत्येकाच्या हातात एक कुसळ दिलं, बाकाबाकावर पाण्याची एक वाटी ठेवली. "शेपटीला एक थेंब लावा आणि बघत राहा."

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी "अगं बाई!" म्हणून दचकली. तिच्या तळहातावर कुसळ हळूहळू फिरू लागलं होतं. मग दुसरं, मग दहा, मग सगळ्या वर्गात. मुलं उठून एकमेकांच्या बाकांवर जायला लागली. कुणाचं जास्त वेगाने फिरतं यावर पैज लागली. एकाने ते शेजाऱ्याच्या मानेवर ठेवून पाणी लावलं आणि किंकाळी फुटली. मी ओरडत होते, हसत होते, फळ्यावर पीळ काढत होते. या भरात भाषा कधी बदलली, मला कळलं नाही. मी सरळ मराठीत बोलत होते, साताऱ्याच्या आमच्या ओसरीवर बोलावं तसं.

जरा शांत झाल्यावर हवालदार उभे राहिले. "बाई, एक इचारू? आमच्या रानात ही कुसळी लय. ल्हानपणी मेंढरं घेऊन जायचो, तवा बघितलंय. जिथं जमीन उघडी, तिथं पाऊस पडला तरी कुसळ नुसतं लोळतं. फिरतं, पन जाग्याव. आन् जिथं जुनं गवत कापून खुंट राहिल्यात, तिथं बरूबर उभं रुततं. असं का?"

मला माझ्या खोलीतली बशी आठवली. जूनपासून मी गेल्या हंगामातली कुसळं काचेच्या बशीत, ओल्या मातीवर ठेवून पाहत होते. त्यातली बरीचशी लोळत होती, आणि मी ती 'सदोष बी' म्हणून, सरांना सांगून, वेगळी काढून टाकत होते.

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मागे सर होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

मागचं बाक करकरलं. सर उठून उभे राहिले. "मलाही नाही," ते म्हणाले, छत्री उचलली आणि दाराबाहेर गेले. दारातून पुन्हा डोकं आत घालून म्हणाले, "काढून टाकलेली बियाणी फेकली तर नाहीत ना?"

शनिवारच्या पानावर भाषेबद्दलही एक ओळ होती: 'अर्ध्या तासानंतर तुम्ही मराठीत गेलात. मुलांच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्याही उशिरा आलं.' कॉलेजात त्यावरून पुढे कुणी कुणी नाकं मुरडली. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मी मराठी सोडली नाही.

हवालदारांच्या रानात जाऊन पाहायचं ठरलं. नाताळच्या सुट्टीत सर, मी आणि वर्गातल्या तीन मुलींपैकी दोघी कोरेगावला उतरलो. हवालदार बैलगाडी घेऊन आले होते, सदरा तसाच कडक, डोक्याला मुंडासं. त्यांच्या आई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"तू व्हय ती कुसळाची डाक्टरीन? आमचा ल्योक सारखं सांगतो. आमी जलमभर मेंढराच्या अंगातनं ती उपसून काढतोय, आन् तू जमिनीत घालाया शिकवतीस!"

सर मोठ्याने हसले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आम्ही रानात दोन तुकडे आखले. एक साफ खरवडलेला, एक कापलेल्या गवताच्या खुंटांचा. दोन्हींत शंभर शंभर कुसळं टाकली. सकाळी झारीने पाणी शिंपडायचं, दुपारी ऊन खाऊ द्यायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मोजणी. साफ तुकड्यात बोटांवर मोजण्याइतकीच रुतली होती. खुंटांच्या तुकड्यात इतकी उभी होती की मुलींनी मोजायला काडेपेटीतल्या काड्या लावल्या, प्रत्येक उभ्या कुसळाशेजारी एक. मी पोटावर पालथी पडून भिंगातून पाहिलं. फिरणाऱ्या शेपटीचा वाकडा शेंडा खुंटाला जाऊन अडत होता. शेंडा अडला की मग फिरायचं ते टोकालाच, आणि टोक मातीत घुसत होतं. टेका नसेल तर सगळं बीच गरगरतं. माझ्या बशीतली सदोष बियाणी अगदी निर्दोष होती. त्यांना टेका नव्हता.

मी मातीतून ओरडले, "सर, शेंडा अडतोय!"

सर छत्री बाजूला टाकून माझ्याशेजारी पालथे झाले. त्या मुलीही झाल्या. हवालदारांच्या आई भाकरीची टोपली घेऊन आल्या तेव्हा कॉलेज सगळं जमिनीवर पडलेलं होतं.

"ह्ये इतकं बघाया मुंबईच्या इद्यापीठानं धाडलं व्हय? मी बसल्या जागी सांगितलं असतं, खुंटात लय रुततं म्हनून."

"मग आई, का रुततं तेही सांगा की," मी म्हणाले.

"त्ये तू सांग. त्यासाठीच ठेवलंय तुला. ऊठ, भाकर खा आदी."

ते रान माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण झालं. खरं सांगायचं तर, नंतर सगळ्यांनी वाखाणलं ते तेवढंच प्रकरण. सुरुवातीच्या ऋणनिर्देशात मी हवालदारांचं नाव सरांच्या नावाच्या खाली लिहिलं होतं. सरांनी कच्चा मजकूर वाचताना निळ्या पेन्सिलीने बाण काढून ते वर नेलं.

वर्ष संपलं तेव्हा माझ्यावरची अट पुरी झाली होती. सरांनी बोलावून सांगितलं, आता शिकवण्यातून सुटका, जूनपासून खोलीत बसून फक्त लिहा. मी मान डोलावली आणि दारापर्यंत गेले. मग परत फिरले.

"सर, पुढच्या वर्षीच्या फर्स्ट इयरला कोण आहे?"

"अजून कुणी नाही."

"मग मी घेते. चार तासच आहेत."

टेबलावरचं वेळापत्रक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. त्यात माझं नाव आधीच लिहिलेलं होतं.

देश स्वतंत्र झाल्यावर दोनेक वर्षांनी मला पदवी मिळाली. पेठेत आईने पेढे वाटले. नंतर मी तीस वर्षं शिकवलं, आणि सूक्ष्मदर्शकाची खोली कधी सोडली नाही, पण एकांत काही मिळाला नाही, कारण दार उघडून कुणी ना कुणी विचारायला येतच असे.

हवालदारांना इंटरच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, इंग्रजीने एकदा अडवलं, दुसऱ्या खेपेला ते पार झाले. पुढे कॉलेज न करता ते गावाकडच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पहिल्या सहामाहीनंतर त्यांचं पत्र आलं. ओढ्यातून बेडकांची अंडी बादलीत आणून त्यांनी वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली होती, मुलांनी रोज पाहावं म्हणून. 'बाई,' त्यांनी लिहिलं होतं, 'पाहण्याचं काम उत्तम झालं. आता त्यांना पाय फुटले असून ती वर्गभर आहेत. मुलं लय खूश आहेत. हेडमास्तर दोन दिवस वर्गात आलेले नाहीत. पुढं काय करावं, उलट टपाली कळवावं.'

मी त्याच दुपारी कार्ड टाकलं. लिहिलं, की दार उघडं ठेवा, आणि बाहेर किती जातात ते मुलांना मोजायला सांगा.